नव्या फिशटँकमधले मासे पहिल्या महिन्यातच का मरतात? टाकी ‘मुरवायची’ कशी आणि बोअर-नळाचं पाणी सांभाळायचं कसं

सोलापूर : नवीन फिशटँक घरी येतो, पाणी भरलं जातं, रंगीत खडे पडतात आणि त्याच संध्याकाळी आठ-दहा मासे सोडले जातात. पहिले तीन-चार दिवस पोरं काचेसमोरून हलत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतो, सकाळी तो उलटा तरंगताना दिसतो आणि पंधरा दिवसांत टाकी रिकामी होते. मग कुणी म्हणतं बोअरचं पाणी मानवलं नाही, कुणी दुकानदाराला बोल लावतं, कुणी नजर लागली म्हणतं. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखं स्वच्छ दिसत असतं.

बहुतेक घरांत कारण एकच असतं. टाकी कच्ची होती. लोणचं घातलं त्या दिवशी खायला काढत नाहीत, शेणखत ओलं असताना रोपाच्या बुडाशी घालत नाहीत, तसंच हे आहे. पाणी भरलेली टाकी मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे पाळणारे याला ‘सायकलिंग’ म्हणतात. सायकलचा इथं काही संबंध नाही, हे नत्राचं चक्र आहे, आणि शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे.

युरियाचं जे रानात होतं, तेच टाकीत

रानात युरिया टाकला की तो लगेच पिकाच्या तोंडी लागत नाही. आधी त्याचा अमोनिया होतो. मातीतले एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. बहुतेक पिकं नत्र घेतात ते जास्त करून या शेवटच्या रूपात.

टाकीत युरियाच्या जागी मासाच असतो. मासा कल्ल्यांतून सारखा अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाद्य, विष्ठा, सडलेलं पान यांचाही अमोनियाच होतो. रानात पसरायला एकरभर जमीन असते, टाकीत सगळं पन्नास लिटरात कोंडलेलं. अमोनियानं माशाचे कल्ले भाजतात. त्यापुढचं नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरतं, रक्त तपकिरी पडतं आणि त्याची प्राणवायू वाहायची ताकद जाते. पाण्यात हवेचे बुडबुडे सुटत असतानाही मासा गुदमरतो तो यामुळे. तिसरं, नायट्रेट, त्या मानानं सौम्य. ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं.

म्हणजे पहिल्या दोन विषांना तिसऱ्यात बदलणारे जिवाणू टाकीत भरपूर झाले की टाकी मुरली. अडचण अशी की हे जिवाणू फार सावकाश वाढतात. दही लावणारे जिवाणू चांगल्या उबेत तासाभरात दुप्पट होतात, तर नत्राचे हे जिवाणू दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस घेतात. घाई केली तरी त्यांचा वेग वाढत नाही.

हा उशीर १८७७ सालीच शास्त्रज्ञांच्या लक्षात आला होता. श्लोझिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि खडू भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी हळूहळू झिरपत ठेवलं. पहिले वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. त्यानंतर तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडल्यावर काम बंद पडलं, आणि बागेतली माती कालवलेलं पाणी ओतल्यावर काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. हे काम जिवंत प्राण्यांचं आहे, हे त्यावरून कळलं. आज घराघरात दिसणारा टाकीचा फिल्टर म्हणजे त्याच नळीचा धाकटा भाऊ.

सरकारनं २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचं लेपन सक्तीचं केलं, त्यामागेही हेच जिवाणू आहेत. नत्राचं रूपांतर हळू व्हावं, ते वाहून किंवा उडून वाया जाऊ नये, म्हणून कडुनिंब त्यांना आवरून धरतो. त्यामुळे ‘अमोनियाच पाहिजे ना, मग चिमूटभर युरिया टाकू’ असा विचार कुणी करू नये. खताच्या पोत्यातला युरिया टाकीत टाकला तर ज्यांना वाढवायचं त्यांनाच लगाम बसेल.

टाकी मुरवायची कशी

सगळ्यात बिनघोर पद्धत म्हणजे मासे न सोडता टाकी चालू करणं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तर ५६ लिटर पाणी बसतं. खडे टाकून, वर थोडी जागा सोडून ४५ लिटरच्या आसपास धरा. काच, खडे, पाणी मिळून वजन साठ किलोच्या पुढं जातं, तेव्हा टाकी डगमगत्या टेबलावर नको. खिडकीच्या उन्हातही नको, नाहीतर पाणी हिरवं होईल.

स्पंजचा फिल्टर आणि हवेचा पंप पहिल्या दिवसापासून चोवीस तास चालू ठेवा. रोज माशांच्या खाद्याची चिमूट टाका, जणू आत दोन मासे आहेत. ते कुजेल, अमोनिया होईल आणि जिवाणूंना खायला मिळेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ दिसायला लागतं. इथं बहुतेक जण घाबरून सगळं पाणी ओतून देतात, टाकी घासून काढतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. हे दुधाळपण कुजवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंचं असतं, काही दिवसांत आपोआप निवळतं. तोवर हात लावू नका.

आत काय चाललंय हे डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी तपासणी किट लागतो. थेंब टाकून रंग बघायचा किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचा. आधी अमोनिया चढतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो उतरायला लागतो तसं नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. खाद्य टाकणं चालू असतानाही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही लागोपाठ दोन-तीन दिवस शून्य आले की टाकी तयार. त्या वेळी अर्धं पाणी बदलून मासे सोडायला हरकत नाही, पण सगळे एकदम नकोत. आधी तीन-चार, मग आठ-दहा दिवसांनी आणखी दोन. जिवाणूंची संख्या खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबानं वाढते.

वेळ वाचवायचा खरा उपाय विरजणाचा. ओळखीच्या कुणाकडे सहा महिने-वर्ष चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला जुना स्पंज किंवा ओंजळभर खडे मागून आणा. ते ओले ठेवून तासा-दोन तासांत आपल्या टाकीत टाका. सहा आठवड्यांचं काम दोन-तीन आठवड्यांवर येतं. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून मात्र फारसा उपयोग नाही, कारण हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजला, खड्याला, काचेला चिकटून राहतात. बाटलीतले जिवाणूही दुकानात मिळतात. त्यातले जिवंत किती हे बाटली कशी साठवली त्यावर ठरतं. उन्हात ठेवलेल्या बाटलीवर पैसे घालण्यापेक्षा जुना स्पंज बरा.

पोरांना दम निघत नसेल तर दोन-तीन गप्पी मासे सोडून टाकी मुरवता येते. हिवताप-डेंग्यूच्या डासअळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी वाटतो, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चौकशी केली तर ते बरेचदा मिळून जातात. गप्पी काटक असतो म्हणून तो अमर नाही. या पद्धतीत खाद्य दिवसाआड चिमूटभरच द्यायचं आणि अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की लगेच पाव ते अर्धं पाणी बदलायचं. किट नसेल तर पहिले चार आठवडे दर दोन दिवसांनी पाव भाग पाणी बदला. कष्ट आहेत, पण मासा वाचतो.

बोअर, नळ की जार?

सोलापूर जिल्हा जवळपास सगळा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षाराचं, आणि सामू ८ च्या आसपास किंवा वर. याचा एक फायदा आहे. नत्राचे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार खर्च करतात, तो संपला तर काम थांबतं. आपल्याकडे तो संपत नाही.

तोटा मोठा आहे. अमोनिया किती विषारी ठरेल हे सामू ठरवतो. पाणी २५ अंशाला आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का घातक रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के, ८.५ ला १५ टक्क्यांच्या घरात. किटवर आकडा तोच दिसतो, पण कोकणातल्या मऊ पाण्यात मासा तगेल आणि सांगोल्याच्या बोअरच्या पाण्यात मरेल. इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून ‘थोडा अमोनिया चालतो’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.

बोअरचं पाणी उपसल्यावर त्यात हवा कमी असते, म्हणून ते बादलीत ओतून, ढवळून किंवा हवेचा पंप लावून रात्रभर ठेवावं आणि मग टाकीत घालावं.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो, शहरात उजनीहून आलेल्या पाण्यातही क्लोरीन असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. माणसाला तो गरजेचा, पण माशाच्या कल्ल्यांना आणि टाकीतल्या जिवाणूंना तेवढाही जाळतो. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवलं की टीसीएलचा क्लोरीन उडून जातो, उन्हात लवकर जातो. घाई असेल तर दुकानातलं क्लोरीन मारायचं औषध बाटलीवर लिहिल्या मापानं वापरावं. पावसाळ्यात साथीची भीती असते तेव्हा टीसीएल जास्त पडते, त्या दिवसांत नळाचं पाणी थेट टाकीत कधीच नको.

आरओ प्लांटचा जार स्वच्छ म्हणून सगळा टाकीत ओतणारेही आहेत. त्या पाण्यात क्षार जवळपास उरलेलेच नसतात. नुसत्या जारच्या पाण्यात सामू कधी घसरेल सांगता येत नाही. फारच खारं बोअर असेल तर एक भाग जार आणि दोन भाग बोअर असं मिसळावं. त्यापेक्षा सोपं म्हणजे पाण्याला मानवेल तोच मासा घेणं. गप्पी, मोली, प्लॅटी यांना जड पाणी आवडतं. निऑन टेट्रा, डिस्कस हे मऊ पाण्याचे. ते कितीही सुंदर दिसले तरी बोअरच्या पाण्यात त्यांचे हाल होतात. गोल्डफिश जड पाण्यात राहतो, पण तो खातो फार, घाण फार करतो आणि त्याला गारवा लागतो. वास्तूसाठी म्हणून गोल भांड्यात दोन गोल्डफिश ठेवायची पद्धत पडली आहे. त्या भांड्यात फिल्टरही नसतो आणि जिवाणूंना बसायला जागाही नसते. वास्तू काय द्यायचं ते देवो, माशाला त्यात महिनाही निघत नाही.

वीज आणि उन्हाळा

‘रात्री पंपाचा आवाज येतो’, ‘बिल येतं’ म्हणून झोपताना फिल्टर बंद करणारी घरं खूप आहेत. मुरलेली टाकी पुन्हा बिघडायचं हे मोठं कारण. जिवाणूंना प्राणवायू सारखा लागतो. एक ग्रॅम नत्राचं नायट्रेट करायला त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्ची पडतो. पाणी फिरायचं थांबलं की स्पंजच्या आतले जिवाणू काही तासांत मरायला लागतात. बिलाचा हिशेबही करून बघा. लहान पंप ५ वॉटचा धरला तर चोवीस तास चालून महिन्याला साडेतीन ते चार युनिट होतात.

गावठाणात वीज जातेच. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कामाला येतो, मासेमारीला जाणारे जिवंत चारा जपायला वापरतात तो. तोही नसेल तर दर अर्ध्या तासानं मगभर पाणी काढून वरून धार धरून पुन्हा टाकीत ओता आणि वीज येईपर्यंत खाद्य बंद ठेवा. मासा दोन-तीन दिवस उपाशी आरामात राहतो.

एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा दोन्ही बाजूंनी कोंडी होते. २५ अंशाच्या पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, ३५ अंशाला ७ च मावतो. माशाला मात्र तेव्हाच जास्त लागतो, आणि अमोनियाही अधिक जहाल होतो. टाकीचं झाकण काढून जाळी लावा, पाण्यावरून पंख्याचा वारा जाऊ द्या, त्यानं पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फाचे खडे थेट टाकू नका. डिसेंबर-जानेवारीत उलट असतं. थंड पाण्यात जिवाणू आळसावतात, त्या दिवसांत सुरू केलेली टाकी मुरायला दोन आठवडे जास्त धरा.

आठवड्याचं काम

मुरलेल्या टाकीला फार काही लागत नाही. आठवड्याला पाव भाग पाणी काढायचं, खड्यांतली घाण नळीनं ओढून घ्यायची, तेवढंच मुरवलेलं पाणी घालायचं. दोन फुटी टाकीला दहा-बारा लिटर. जिथं चार-पाच दिवसांआड पाणी येतं तिथं हेही डोळ्यावर येतं, पण काढलेलं पाणी वाया जात नाही. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे पातळ खतच. तुळस, मोगरा, परसातली वांगी-मिरची यांना ते घाला.

उन्हाळ्यात पाणी आटतं म्हणून नुसती वरून भर घालत राहिलं तर काय होतं हे क्षारपड झालेलं रान बघितलेल्याला सांगायला नको. पाणी उडतं, क्षार मागं राहतो. काचेवर पांढरी रेघ दिसते ती त्याचीच. म्हणून भर घालण्याबरोबर थोडं जुनं पाणी काढावंच लागतं.

स्पंज कधीही नळाखाली धरून धुऊ नका. क्लोरीननं सगळी वसाहत एका मिनिटात जाते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो दोनदा दाबून घ्यायचा, मळकट राहिला तरी राहू द्यायचा. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. पाहुणे आले की प्रत्येक पोरगं आपल्या हातानं खाद्य टाकतं, तेव्हा डबी उंचावर ठेवलेली बरी. बायोफ्लॉकच्या टाकीत गूळ घालतात तसा इथं घालू नये. तिथं जोरदार हवेवर वेगळ्या जिवाणूंचं पीक घ्यायचं असतं. घरच्या टाकीत गुळानं रातोरात प्राणवायू संपेल.

मासे एकदम वर येऊन धापा टाकायला लागले तर औषधांच्या बाटल्या शोधत बसू नका. खाद्य बंद, हवा वाढवा, आणि अर्धं पाणी बदला, साधारण त्याच तापमानाच्या आणि क्लोरीन नसलेल्या पाण्यानं. नायट्राइट चढलेलं असेल तर लिटरला एक ग्रॅमपर्यंत साधं मीठ आधी विरघळवून घालावं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

पाण्याचा आकडा फक्त माशांपुरता नाही

किट घरात आलाच आहे तर टाकीत भरण्याआधीचं बोअरचं पाणी एकदा तपासा. मासे न सोडताही नायट्रेट जास्त दिसलं, तर ते रानातल्या खतातून किंवा जवळच्या शोषखड्ड्यातून झिरपून आलेलं असू शकतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्तावर तसाच परिणाम करतं, जसा नायट्राइट माशाच्या रक्तावर करतं. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. माशांचा किट काही सरकारी दाखला नाही, पण आकडा जास्त आला तर ग्रामपंचायतीकडच्या फील्ड टेस्ट किटवर किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा, आणि निकाल येईपर्यंत बाळाचं दूध त्या पाण्यात कालवू नये.

मासे नकोसे झाले तर

टाकीचा कंटाळा आला की मासे विहिरीत, ओढ्यात, नाहीतर उजनीत सोडून देतात. पुण्य वाटतं, पण नुकसान होतं. ‘काच साफ करतो’ म्हणून विकला जाणारा सकर बोटभर असताना घरी येतो आणि फूट-दीड फुटाचा होतो. उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तो सापडू लागला आहे. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि अंगावरच्या काट्यांनी जाळं फाटतं ते वेगळंच. नकोसे मासे दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावेत. सोबत फिल्टरचा ओला स्पंजही द्यावा, त्याची टाकी लवकर मुरेल.